मावशींच्या डोक्यातली यादी

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव एनक्वासच्या यादीत आलं, त्याच आठवड्यात आमच्या स्त्री परिचर मावशींच्या पेन्शनची कागदपत्रं मागवणारं पत्रही आलं. दोन्ही कागद आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमच्या टेबलावर शेजारी शेजारी पडले होते. राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकांना आम्ही सगळे एनक्वास म्हणतो. सरकारी दवाखाना त्या कसोट्यांना उतरतो का, हे बाहेरून आलेले मूल्यांकनकर्ते बघतात आणि उतरला तर तीन वर्षांचं प्रमाणपत्र मिळतं. मी इथे स्टाफ नर्स आहे, प्रसूतिगृह आणि आंतररुग्ण विभाग माझ्याकडे. आता प्रमाणपत्र मिळाल्यावर दुसऱ्या केंद्रांतल्या सिस्टर फोन करून विचारतात, "तुम्ही कसं केलंत?" फोनवर मी फाइलींची नावं सांगते. बाकीचं सांगायला वेळ पुरत नाही, ते इथे लिहिते.

केंद्र रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. सपाट भागात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं, डोंगराळ भागात वीस हजारांमागे. कागदावर वीस हजार हा आकडा लहान दिसतो, पण आमच्याकडे ती माणसं धनगरवाड्यांवर, कातकरी वाड्यांवर, ओढ्यापलीकडच्या चार-चार घरांत विखुरलेली आहेत. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली गेलं आणि तळियेवर दरड कोसळली, तेव्हा या भागात वीज, फोन, रस्ते सगळंच तुटलं होतं. त्या दिवसांत केंद्रात कोण कोण चिखल तुडवत पायी पोहोचलं, हे गाव अजून नावानिशी सांगतं. त्या नावांत मावशी आहेत.

मावशी स्त्री परिचर, केंद्राची सफाई त्यांच्याकडे. मंजूर पदांच्या तक्त्यात त्यांची ओळ सगळ्यात खाली. त्यांच्या वरच्या ओळींत त्या वर्षी बरंच काही हललं. प्रयोगशाळा तंत्रज्ञांची मे महिन्यात बदली झाली आणि त्यांच्या जागी यवतमाळकडचा एक तरुण मुलगा आला. कोकणातला पाऊस त्यानं कधी पाहिला नव्हता. राहायला मिळालेली खोली पहिल्याच आठवड्यात गळायला लागली, तेव्हा आमच्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरमामांनी त्याचं सामान उचलून स्वतःच्या पडवीतल्या खोलीत नेलं. गणपतीपर्यंत तो तिथेच होता. आरोग्य सहाय्यिका ताईंकडे शेजारच्या केंद्राचाही कार्यभार होता. एका उपकेंद्राला नवीन समुदाय आरोग्य अधिकारी मिळाली, दुसऱ्या उपकेंद्राची आरोग्यसेविका बाळंतपणाच्या रजेवर गेली. आमच्यातले अर्धे जण करारावर आहेत, त्यांचं लक्ष दरवर्षी नव्या आदेशाकडे लागलेलं असतं. अशा अवस्थेत एनक्वास घ्यायचं की पुढच्या वर्षावर ढकलायचं, यावर बैठकीत बोलणं झालं. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मावशी नसतील." एवढ्यावर निर्णय झाला.

पद्धत अशी असते. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी सहा विभागांच्या तपासणी याद्या असतात: बाह्यरुग्ण, प्रसूतिगृह, आंतररुग्ण, प्रयोगशाळा, राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम आणि सामान्य प्रशासन. एकेका मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. मुद्दा चार रीतींनी पडताळतात: डोळ्यांनी बघून, नोंदी तपासून, कर्मचाऱ्यांना विचारून आणि रुग्णांना विचारून. आधी आपणच आपली तपासणी करायची, मग जिल्हा, मग राज्य, शेवटी राष्ट्रीय पथक. स्वमूल्यांकनाला बसताना मॅडमनी एक नियम घालून दिला होता, शंका असेल तिथे शून्य. त्यामुळे आमचा पहिला आकडा फार खाली आला आणि नेमकं काय करायचं आहे ते स्पष्ट दिसलं. कायाकल्प या स्वच्छतेच्या सरकारी योजनेचं काम आधी झालेलं असल्यामुळे आवार, गटारं, कचरा यांची घडी बसलेली होती. कमी होती ती रुग्णांच्या हक्कांच्या भागात आणि लिहून ठेवलेल्या कामात.

हक्कांचं मोठं उदाहरण पडद्यांचं. बाह्यरुग्ण विभागात गरोदर बाईला तपासताना आडोसा नीट नव्हता. एकच हलता पडदा होता, त्याचं एक चाक तुटलेलं. आमच्याकडे बाळंतिणींना जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून जेवण मिळतं आणि ते गावातल्या बचत गटाच्या बायका करून आणतात. त्यांच्यातल्या एकीनं डबा ठेवता ठेवता त्या पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सिस्टर, मी सातव्या महिन्याची असताना इथेच झोपले होते. बाहेर बाकावर माझे चुलत सासरे बसलेले. मी पुन्हा तपासायला आलेच नाही." नोंदवहीत तिच्या नावापुढे 'तपासणीस अनुपस्थित' एवढंच लिहिलेलं असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी गटातल्या बायका टेप घेऊन आल्या, मापं घेतली. कापड रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून आलं, शिलाई त्यांनी घेतली नाही. गावातल्या फॅब्रिकेटरनं छताला सळया बसवून दिल्या. आता प्रत्येक तपासणी टेबलाला तिन्ही बाजूंनी पडदा आहे. माझ्या मते सगळ्या एनक्वासमधलं सगळ्यात मोलाचं काम हेच झालं. प्रमाणपत्र मिळालं नसतं तरी ते मोलाचंच राहिलं असतं.

गणपतीला मुंबईची मंडळी आली. कोकणातल्या गावांचं मुंबईत मंडळ असतं आणि गावातल्या देवळाइतकाच दवाखान्यावरही त्यांचा जीव असतो, कारण म्हातारे आईबाप इथे आमच्या भरवशावर असतात. मंडळाच्या बैठकीत मॅडम स्वतः गेल्या आणि यादी ठेवली: प्रतीक्षा कक्षाला बाक, पाण्याची एक टाकी, रॅम्पला कठडा. रॅम्पचा उतार नियमात बसत होता, एक फूट उंचीला बारा फूट लांबी, पण धरायला काही नव्हतं. विरारला राहणाऱ्या एका काकांनी विचारलं, "पैसे देतो, पण पाटी लावाल का आमच्या वडिलांच्या नावाची?" मॅडम म्हणाल्या, "लावू. पण आधी नागरिकांची सनद मोठ्या अक्षरात लावायची आहे, तीही तुमच्याच पैशातून." सगळे हसले आणि काम झालं. सनद गावच्या निवृत्त पेंटर आजोबांनी रंगवली. कोणत्या सेवा मिळतात, कोणत्या वेळी मिळतात आणि सगळं मोफत आहे, हे त्यात लिहिलं आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पैसेसुद्धा घेत नाहीत, तरीही वाडीवरची माणसं पदराच्या गाठीत नाणी बांधून येत होती. आजोबांनी 'मोफत' हा शब्द लाल रंगात काढला.

संसर्ग नियंत्रणाच्या भागात मावशींचं राज्य. बाहेरच्या माणसाला वाटतं, सफाई म्हणजे केरवारा. पण रुग्ण असलेल्या खोल्यांत कोरडा झाडू मारायचाच नाही, धुळीबरोबर जंतू उडतात. तीन बादल्यांची पद्धत आहे: एक बादली साबणाच्या पाण्याची, एक स्वच्छ पाण्याची, एक निर्जंतुकाची. पुसायचं आतून दाराकडे. प्रसूतिगृहाचं पोछा वेगळं, ते दुसरीकडे फिरवायचं नाही. सांडलेल्या रक्तावर एक टक्क्याचं हायपोक्लोराइट. पाच टक्क्यांचं द्रावण असेल तर एक माप ते आणि चार मापं पाणी, आणि ते रोज ताजं बनवायचं. कचऱ्याचे चार रंग: वारेसारखे मानवी अवयव आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्यात, प्लास्टिकच्या नळ्या आणि हातमोजे लालमध्ये, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. हे मावशींना शिकवावं लागलं नाही. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले तेव्हाच त्या शिकल्या होत्या आणि तेव्हापासून आलेल्या प्रत्येक शिकाऊ मुलीला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. अठ्ठेचाळीस तासांच्या वर कचरा ठेवायचा नाही, हा नियम त्या गाडीवाल्याला फोनवर अशा आवाजात सांगत की पावसातसुद्धा गाडी यायची.

अडचण वेगळीच निघाली. एनक्वासला प्रत्येक कामाची लेखी कार्यपद्धती लागते आणि मावशींचं काम कुठेच लिहिलेलं नव्हतं. राज्याकडून आलेला नमुना होता, पण त्यात आमच्या केंद्रातलं पाणी कुठल्या तासाला येतं, वीज गेली की प्रसूतिगृहातलं काय आधी बघायचं, हे कसं असणार? म्हणून आम्ही ठरवलं की मावशी सांगतील आणि नवीन समुदाय आरोग्य अधिकारी लिहून घेईल. बाह्यरुग्णांची गर्दी ओसरली की दोघी मागच्या व्हरांड्यात बसायच्या. पहिल्यांदा मावशी संकोचल्या. "माझं काय लिहायचं त्यात?" म्हणाल्या. मग सुरू झाल्या ते थांबेचनात.

आणि त्या सांगण्यात सफाईबरोबर भलतंच काही बाहेर यायला लागलं. आमच्या हद्दीतल्या कातकरी कुटुंबांपैकी बरीच दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला जातात, पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या पोरांचं लसीकरण हे आमचं कायमचं दुखणं. नोंदवहीत ती 'स्थलांतरित' म्हणून राहतात. मावशींना मात्र माहीत होतं की कोणतं कुटुंब कोणत्या भट्टीच्या मुकादमाबरोबर जातं, शिमग्याला कोण दोन दिवस वाडीवर येऊन जातं, कोणाची सून माहेरच्या वाडीवर बाळंत होते. धनगरवाड्यावरच्या बायका लावणीच्या दिवसांत तपासणीला येत नाहीत, पण आठवडी बाजाराच्या दिवशी दूध घालायला खाली उतरतात, तेव्हा दुपारी बारापर्यंत गाठ पडते. हे त्या इतकी वर्षं आशाताईंना जाता येता सांगत आल्या होत्या. आशाताई त्याप्रमाणे जायच्या. कामं होत होती. पण ही यादी एका माणसाच्या डोक्यात होती आणि ते माणूस फेब्रुवारीअखेर घरी जाणार होतं.

मग गुणवत्ता समितीच्या बैठकीचा तो पहिला विषय झाला. आशाताई, आरोग्यसेवक भाऊ आणि सहाय्यिका ताई मावशींबरोबर बसले आणि वाडीनिहाय तक्ता केला. कुटुंब, गावाबाहेर जाण्याचा महिना, परतण्याचा महिना, मुकादमाचं गाव, घरात सांगावा कोणाकडे द्यायचा. तो तक्ता आता लसीकरणाच्या ड्यू लिस्टला, म्हणजे कोणाची लस बाकी आहे त्या यादीला, जोडलेला असतो. ज्या भट्ट्या दुसऱ्या केंद्रांच्या हद्दीत आहेत त्यांच्या आरोग्यसेविकांना आमच्याकडून फोन जातो. कुठल्याही तपासणी यादीत हा तक्ता मागितलेला नाही. मला वाटतं, मागायला हवा. प्रत्येक केंद्रात एक तरी असं माणूस असतं आणि बहुतेक वेळा ते पदांच्या तक्त्यात तळाशी असतं.

फाइली, समित्यांची इतिवृत्तं, रुग्ण समाधान अर्जांची सरासरी, यात हिवाळा गेला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. औषधनिर्माण अधिकारी सरांनी औषधांची मांडणी आधी मुदत संपणारं पुढे या क्रमानं लावली. तंत्रज्ञ मुलानं तपासणीच्या अहवालाला किती वेळ लागतो ते रोज लिहायला घेतलं. लसींच्या आइस लाइन्ड रेफ्रिजरेटरचं तापमान दोन ते आठ अंशांत आहे का, हे सकाळ-संध्याकाळ नोंदवणं आधीपासूनच चालू होतं. हे यंत्र दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी थंडावा टिकवतं, पण आमच्याकडे वारं सुटलं की तेवढीही खात्री नसते. गावचा वायरमन दादा स्वतःहून सांगून गेला, "रात्री कितीही वाजता करा फोन, दवाखान्याची लाइन मी पहिली जोडतो." त्यानं तो शब्द पाळला आहे.

राष्ट्रीय पथक दोन दिवसांसाठी आलं, दोन मूल्यांकनकर्ते, दोघेही महाराष्ट्राबाहेरचे. त्यातल्या मॅडमना मराठी थोडंफार समजत होतं. पहिल्या दिवशी प्रसूतिगृहात त्यांनी माझ्यापुढे बाहुली ठेवली आणि म्हणाल्या, बाळ रडत नाही. पुढे काय? पुसायचं, ऊब द्यायची, मान योग्य ठेवायची, नाकातोंडातलं गरज असेल तरच ओढायचं, पाठ चोळायची, तरीही श्वास नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग आणि मास्क. हात आपोआप चालत होते, कारण बाहुलीशिवायही ते चालवावे लागले आहेत. बाहेर ड्रायव्हरमामांना विचारलं, गाडीतला ऑक्सिजन किती उरलाय ते दाखवा. तंत्रज्ञाला विचारलं, सुई टोचली तर काय कराल. आपत्कालीन औषधांच्या ट्रेमध्ये प्राझोसिन बघून त्यांनी कुतूहलानं विचारलं, तेव्हा आमच्या मॅडमच्या चेहऱ्यावरचा अभिमान मी बघितला. विंचवाच्या दंशावर हे औषध जगाला वापरून दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली याच जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले होते. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्यासारख्याच एका केंद्रातल्या खाटांशी बसून ते काम सुरू झालं, हे आम्ही प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगतो.

दुसऱ्या दिवशी मूल्यांकनकर्त्या मॅडम मावशींकडे वळल्या. सांडलेलं रक्त कसं साफ कराल, असं विचारलं. मावशींनी तोंडानं उत्तर दिलंच नाही, हातमोजे चढवले, किट आणलं आणि पाणी सांडून करून दाखवायला लागल्या: आधी कापड टाकून झाकलं, वरून द्रावण ओतलं, आणि थांबल्या. मूल्यांकनकर्त्या मॅडम म्हणाल्या, "पुढे?" मावशी म्हणाल्या, "थांबायचं. औषधाला त्याचं काम करू द्या की." मग ठरलेला वेळ झाल्यावर कापड उचलून पिवळ्या पिशवीत टाकलं. मॅडमनी वहीत काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही, पण त्यांनी उभं राहून नमस्कार केला तो सगळ्यांनी पाहिला.

रुग्णांच्या मुलाखतीत आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं होतं. वॉर्डात त्या दिवशी धनगरवाड्यावरची एक बाळंतीण होती. तिची सासू नंतर मला म्हणाली, "विचारत होत्या, कोणी पैसे मागितले का, कोणी ओरडलं का. मी म्हटलं, ओरडल्या ना, ह्या सिस्टर ओरडल्या, पोरीला लवकर का नाही आणली म्हणून. ते बरोबरच होतं." तिनं ते तसंच सांगितलं याचं मला समाधान आहे. माणसांनी खरं ते सांगावं, म्हणूनच तर दारं लावून विचारतात.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम झाला तेव्हा निकाल आलेला नव्हता. हॉल पुरला नाही, आवारात सतरंज्या टाकाव्या लागल्या. बचत गटानं साडी दिली, पेंटर आजोबांनी मानपत्र रंगवलं, कातकरी वाडीवरून तीन म्हाताऱ्या बाया करवंदाच्या लोणच्याची बरणी घेऊन चालत आल्या. इथे जन्मलेली आणि आता कॉलेजात जाणारी मुलं पाया पडायला आली. मावशी भाषणाला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तक्ता केलाय तो दर पावसाळ्याच्या आधी बदलायचा. माणसं भट्ट्या बदलतात." बाकी काही बोलायचं नाही म्हणून खाली बसल्या.

शिमग्याच्या आसपास निकाल आला. प्रमाणपत्राबरोबर प्रोत्साहन रक्कम असते, तिचा मोठा भाग केंद्राच्या सुधारणेसाठी आणि पाव हिस्सा कर्मचाऱ्यांसाठी. पैसे वाटायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला, निवृत्त झालेल्या माणसाला हिस्सा देता येतो का. कार्यालयातून कोणी म्हणालं, हजेरीपटावर नाव नाही. रुग्ण कल्याण समितीच्या सभेत ड्रायव्हरमामा उठले आणि म्हणाले, मूल्यांकनाच्या दोन्ही दिवशी हजेरीपटावर त्यांची सही आहे, तो पट काढा. पट काढला. ठराव एकमतानं झाला, मावशींना इतरांइतकाच हिस्सा. सरपंचांनी तो स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिला.

प्रमाणपत्र तीन वर्षांचं असलं तरी दरवर्षी देखरेखीची तपासणी असते, तिची तयारी आम्ही लावली आहे. नवीन तंत्रज्ञ आता पावसाला सरावला आहे आणि त्यानं बदली मागितलेली नाही. रजेवर गेलेली आरोग्यसेविका बाळाला घेऊन रुजू झाली. उपकेंद्रात तिच्या बाळाला झोपवायला झोळी गावातल्याच एका आजीनं बांधून दिली. मावशींची जागा मात्र अजून भरलेली नाही. कंत्राटावर आलेली मुलगी मन लावून काम करते, मावशी आठवड्यातून एकदा येऊन तिच्याबरोबर फिरतात, पण तिचा पगार वेळेवर होत नाही आणि रात्रपाळीला दुसरं कोणीच नाही. ग्रामसभेनं कायम पद भरण्याचा ठराव करून वर पाठवला आहे. उत्तर आलेलं नाही, म्हणून पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत तो पुन्हा पहिल्या क्रमांकावर घेतला आहे आणि या वेळी मुंबई मंडळाच्या सह्याही सोबत जोडल्या जाणार आहेत.